मु. पो. आनंदवन

कुष्ठरोगाचा जंतू हा जंतूंच्या दुनियेतला अव्वल आळशी असावा. पोट बिघडवणारा एखादा जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. या महाशयांना तेवढ्यासाठी बारा-चौदा दिवस लागतात. शरीरात शिरल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी कधी वीससुद्धा. नॉर्वेतल्या बर्गन शहरात आरमाउर हान्सेन यांनी १८७३ साली तो पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला. त्याला दीडशे वर्षं उलटली, तरी प्रयोगशाळेतल्या बशीत तो वाढवून दाखवणं अजून कुणाला जमलेलं नाही. २००१ साली त्याच्या जनुकांचा पूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला आणि कारण थोडंफार उमगलं. त्याची हजाराहून जास्त जनुकं निकामी होऊन पडली आहेत. स्वतःच्या बळावर जगायची हत्यारं त्याने केव्हाच गमावली. कुणाच्या तरी पेशीत बिऱ्हाड मिळालं तरच तो तगतो. वर शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव माणसांना त्याच्याविरुद्ध जन्मतःच प्रतिकारशक्ती असते.

इतक्या दुबळ्या जंतूने हजारो वर्षं माणसांना बेघर केलं. त्याला जे करायला पाच वर्षं लागतात, ते घरच्यांनी एका रात्रीत केलं. आधी ताट वेगळं झालं, मग अंथरूण ओसरीवर गेलं, ओसरीवरून गोठ्यात, गोठ्यातून गावकुसाबाहेरच्या खोपटात, आणि तिथून देवळाची पायरी नाहीतर रेल्वेचा फलाट. कायदाही याच बाजूला उभा होता. इंग्रज सरकारने १८९८ मध्ये केलेल्या कुष्ठरोग्यांच्या कायद्याचा रोख आजारापेक्षा दारिद्र्यावर होता. भीक मागणाऱ्या किंवा उपजीविकेचं दिसेल असं साधन नसलेल्या कुष्ठरोग्याला पोलिसांनी पकडावं आणि आश्रमात डांबावं, अशी त्याची तरतूद. घर-शेत असलेला रोगी बाहेर, घर नसलेला आत. हा कायदा संसदेने रद्द केला तो २०१६ साली. होय, एकोणीसशे नव्हे, दोन हजार सोळा.

तर अशा रीतीने उठवून दिलेल्या माणसांनी चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याच्या वेशीजवळ, एक आख्खं गाव वसवलं. आनंदवनाचं नाव मराठी घरांत इतकं ओळखीचं झालंय की त्यात नवल काय होतं, हेच आपण विसरतो. ते उभारणाऱ्या बाबा आमट्यांच्या त्यागाबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. पण सगळं गमावलेला माणूस पुन्हा स्थिरस्थावर होतो म्हणजे नेमकं काय होतं, कुठलं आधी आणि कुठलं नंतर, याचा इतका उघडावाघडा प्रयोग दुसरीकडे क्वचितच झाला असेल. त्यागापेक्षा मला हे जास्त चकित करतं.

आधी शरीराकडे बघू, कारण सगळी अडचण तिथून सुरू होते.

या जंतूला गारवा आवडतो. आपल्या शरीराचं आतलं तापमान सदतीस अंश. त्याला बत्तीस-तेहेतीसच्या आसपास बरं वाटतं. म्हणून तो नाक, कानाच्या पाळ्या, हातापायांची टोकं आणि त्वचेलगत धावणाऱ्या नसा निवडतो. कोपर टेबलाच्या कडेवर आपटलं की झिणझिण्या येतात ना, ती नस त्याची विशेष आवडती. ती सुजली आणि मेली की करंगळी व अनामिका आत वळतात, हाताचा पंजा नखीसारखा होतो आणि त्या बाजूची संवेदना जाते.

बोटं झडतात, हा मात्र समज खोटा. तमिळनाडूत वेल्लोरला काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या शेवटी याचा छडा लावायला घेतला. रोगाने बोटं सडत नव्हती. जखमांनी जात होती. चुलीवरचं भांडं उचललं, चटका कळला नाही. कुलूप उघडताना किल्ली बोटात रुतली, कळलं नाही. काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होत, तेव्हा पाळत ठेवली गेली. उंदीर येऊन बोटं कुरतडत होते आणि झोपलेल्या माणसाला पत्ता नव्हता. उपाय अगदी घरगुती निघाला: रुग्णांना मांजरं पाळायला दिली. वेदनेला आपण आयुष्यभर शिव्या घालतो, पण तीच आपली रात्रपाळीची राखणदार आहे, हे या बधिर हातांनी वैद्यकाला शिकवलं.

आता असा हात घेऊन विहीर खणायची, हे ध्यानात ठेवा.

मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे हिंगणघाटचे. जन्म २६ डिसेंबर १९१४, घर जमीनदाराचं, शिक्षण वकिलीचं. वरोऱ्याला नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचं जिणं कळावं म्हणून त्यांनी स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. त्याच दिवसांत एका पावसाळी रात्री गटाराच्या कडेला पडलेला माणूस त्यांना दिसला. तुळशीराम त्याचं नाव. बोटं नाहीत, जखमांत किडे. बाबा घाबरून घरी पळाले. मग त्या पळण्याचीच लाज वाटून परत गेले, त्याच्यावर आडोसा उभारला, त्याला भरवलं. तुळशीराम वाचला नाही. पण आपण कुणाला घाबरत नाही असं समजणाऱ्या या गड्याला आपली भीती मोजायचं माप मिळालं.

भीती घालवायला ते शिकायला गेले, हा पुढचा भाग मला फार पटतो. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ पासून कुष्ठसेवा चालवली होती. तिथे पाहिलं, शिकलं. पुढे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रीतसर अभ्यासक्रम केला. तिथे अडचण वेगळीच होती. हा जंतू बशीत वाढत नाही आणि प्राण्यांतही रुजत नव्हता, तर औषध तपासायचं कशावर? बाबा म्हणाले, माझ्यावर. जंतू टोचून घेतले. रोग झाला नाही.

यातली गंमत अशी, की हेच त्याआधी सुमारे शंभर वर्षं बर्गनमध्ये होऊन गेलं होतं. हान्सेन यांचे वरिष्ठ आणि पुढे सासरे झालेले डॅनियल डॅनियल्सेन यांनी स्वतःला कुष्ठाचा संसर्ग व्हावा म्हणून पुन्हा पुन्हा टोचून घेतलं होतं. त्यांनाही काही झालं नाही आणि त्यावरून त्यांनी ठरवलं की हा रोग संसर्गाचा नाहीच, आनुवंशिक आहे. प्रयोग धाडसी, निष्कर्ष चुकीचा. जावई उलट मताचा. त्याने एका रुग्ण बाईच्या डोळ्यात तिला न विचारता हा संसर्ग घालायचा प्रयत्न केला, १८८० साली कोर्टात खेचला गेला आणि रुग्णालयातली जागा गमावून बसला. औषध तपासायचं कशावर, याचं उत्तर पुढे १९६० मध्ये उंदराच्या तळपायात आणि १९७१ मध्ये अमेरिकेतल्या आर्माडिलो नावाच्या चिलखती प्राण्यात मिळालं. दोन्ही जागा थंड! एका रोगापायी तिघांनी सुई हाती धरली: एकाने स्वतःवर, एकाने दुसऱ्यावर, आणि वरोऱ्याच्या वकिलाने पुन्हा स्वतःवर.

१९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. सरकारकडून पन्नास एकर जमीन मिळाली. जमीन कसली, बरड माळ. दगड, झुडपं, साप-विंचू आणि बिबट्याचा वावर. जून १९५१ मध्ये बाबा, पत्नी साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुलं, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये एवढा संसार तिथे पोचला. उद्घाटनाला विनोबा आले. भूदानाची पहिली जमीन त्यांना तेलंगणात दोनच महिन्यांपूर्वी मिळाली होती.

पहिलं काम विहीर. दवाखाना नव्हे, प्रार्थनाघर नव्हे, विहीर. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पाणी दूर आणि गावातल्या विहिरीवर यांना कोण येऊ देणार? कुदळ, सब्बल, घमेली घेऊन ही मंडळी कामाला लागली. ज्या हाताला पकड नाही त्याने दांड्याला चिंध्या गुंडाळून तो जाड करून घ्यायचा. ज्याला तळव्यावर फोड आलेला कळत नाही त्याने संध्याकाळी हात-पाय उजेडात धरून डोळ्यांनी तपासायचे, पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं, जखम दिसली तर बांधायची. वेदना जे काम आपोआप करते ते इथे रोज आठवणीने करावं लागतं. बधिर पायांसाठी मऊ रबराच्या खास चपला मिळायला लागल्या त्या पुढे. सुरुवातीला भिस्त होती ती फक्त डोळ्यांच्या पहाऱ्यावर.

पाणी लागलं आणि मग शेती. इथे आनंदवनाने घेतलेला निर्णय आजच्या कुठल्याही पुनर्वसन योजनेने विचारात घ्यावा असा आहे. आधी बरे व्हा, मग काम शिका, मग कमवा, मग घर मिळेल, अशी शिडी जगभर लावली जाते आणि कित्येक माणसं पहिल्या-दुसऱ्या पायरीवरून पडतात. बाबांनी सगळं एकदम सुरू केलं. आल्या दिवशी छप्पर, आल्या दिवशी ताट आणि झेपेल तेवढं काम, तेही आल्या दिवसापासून. दानाने माणूस खचतो, कामाने उभा राहतो, हे त्यांचं आवडतं म्हणणं. याला आज कुणी कठोर म्हणेल. मलाही ते एकेकाळी जरा दरडावल्यासारखं वाटे. पण ज्याला वीस वर्षं कुणी पाणीसुद्धा मागितलं नाही, त्याला ‘तुझ्यावाचून हे काम अडलंय’ असं सांगणं हा औषधाचाच डोस असला पाहिजे.

अडचण पिकाची नव्हती, गिऱ्हाइकाची होती. भाजी उत्तम आली, दूध आलं, पण वरोऱ्याच्या बाजारात ते घ्यायचं कुणी? महारोग्याच्या हातची वांगी! पन्नाशीच्या दशकात ही कोंडी एका अनपेक्षित बाजूने फुटली. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या शांततावादी संघटनेचे देशोदेशीचे तरुण स्वयंसेवक इमारत बांधायला आनंदवनात येऊन राहिले. ते तिथलंच जेवत, तिथलंच पाणी पीत, रुग्णांसोबत विटा उचलत. गोरे साहेब तिथे जेवतात हे गावाने पाहिलं आणि गावाची भीड चेपली. भाजी विकली जाऊ लागली. यात आपल्या समाजाला साजेसं काही नाही, पण झालं ते असं.

एव्हाना औषधही आलं होतं. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कार्व्हिल इथे १९४१ मध्ये सल्फोन गटाच्या औषधाने पहिल्यांदा गुण दाखवला आणि त्याच कुळातल्या डॅप्सोनच्या गोळ्या चाळिशीच्या दशकाअखेर भारतात पोचल्या. माणसं बरी होऊ लागली. आणि इथे आनंदवनाची खरी कसोटी लागली. कारण बरा झालेला माणूस गावी गेला, की चार दिवसांनी परत दारात उभा. जंतू गेला होता, वाकडी बोटं गेली नव्हती. भावाने जमीन आपल्या नावावर केलेली, बायको माहेरी, पोरांची सोयरीक अडलेली. बापाने पुन्हा दिसूच नये अशी सगळ्यांची इच्छा. बरं होणं आणि घरी जाणं यांचा एकमेकांशी संबंधच उरला नव्हता. दवाखान्याचा शेवट डिस्चार्जच्या कागदावर होतो. इथे तो कागद घेऊन कुठे जायचं हा प्रश्न होता.

मग आनंदवनाने माणसं परत पाठवायचा हट्ट सोडला आणि गावात जे जे लागतं ते सगळं इथेच करायला घेतलं. लग्नं लावली, जोडप्यांना घरं दिली. म्हाताऱ्यांची वेगळी वस्ती झाली, लहान मुलांचं गोकुळ झालं. उत्तरायण, सुखसदन, स्नेहसावली अशी नावं ठेवली. नावं ठेवण्यात बाबांचा हात कुणी धरला नसता. हातमाग, यंत्रमाग, सतरंज्या, पत्र्याचे डबे, चपला, शुभेच्छापत्रं असे कारखाने निघाले. पत्र्याचे डबे बोटं नसलेली माणसं करतात. पत्रा धारदार, हाताला संवेदना नाही. म्हणजे कामाची मांडणीच अशी हवी की हात धारेपाशी जाता कामा नये. अपंगत्व माणसात किती आणि हत्यारात किती, हा प्रश्न इथे रोज सुटत होता.

घरांची एक तऱ्हा तर थक्क करणारी आहे. विकास आमट्यांच्या पुढाकाराने आनंदवनात न्यूबियन पद्धतीची घरं बांधली गेली. न्यूबिया म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेचा नाईल नदीकाठचा मुलूख. तिथे लाकूड दुर्मिळ, म्हणून लोक लाकडावाचून छत घालायला शिकले. आपण कमान बांधतो तेव्हा खालून लाकडी साचा लावतो, विटा रचतो आणि चुना-सिमेंट पक्कं झालं की साचा काढतो. न्यूबियन गवंडी साचाच लावत नाही. एक मागची भिंत पुरती उभी करतो आणि कमानीची पहिली फेरी त्या भिंतीला रेलून, तिरकी बसवतो. दुसरी फेरी पहिलीला रेलते, तिसरी दुसरीला. प्रत्येक वीट मागच्या विटेवर कललेली असल्यामुळे सांधा ओला असतानाही खाली घसरत नाही. अशी घळीसारखी लांब, गोल छपराची खोली तयार होते. सळई नाही, तुळई नाही, जाड विटांमुळे उन्हाळ्यात आत गारवा. बांधणारे हात कुष्ठमुक्तांचे. साच्यावाचूनच छत तोललं जातं, हे पाहायला मिळालं तर जरूर पाहावं.

पण मला सगळ्यात मोठी उडी वाटते ती साठच्या दशकातली. वस्तीतल्या लोकांनी बाहेर मिसळावं म्हणून जगभर प्रयत्न होतात. आनंदवनाने उलटं केलं. आपल्या जमिनीवर ‘आनंद निकेतन’ महाविद्यालय काढलं, पाठोपाठ शेतकी महाविद्यालय. वरोऱ्यात आणि आसपास तेव्हा उच्च शिक्षणाची सोय नव्हती. ज्यांच्या आई-बापांनी इथली वांगी नाकारली होती, त्यांची पोरं पदवी घ्यायला रोज आनंदवनात येऊ लागली. वर्गखोल्यांच्या भिंती कुष्ठमुक्तांनी बांधलेल्या. समाजाने यांना आत घ्यावं म्हणून दार ठोठावत बसण्यापेक्षा समाजाला गरज पडेल असं काही आपल्या दारात उभारायचं! आजूबाजूला अंध, मूकबधिर आणि अपंग मुलांच्या शाळा उभ्या राहिल्या, पु. लं.च्या जिव्हाळ्याचा मित्रमेळावा भरू लागला, बँक आली, टपाल कार्यालय आलं. मु. पो. आनंदवन, ता. वरोरा, जि. चंद्रपूर, ४४२९१४. ज्याचं नाव गावच्या कागदांतून खोडलं गेलं, त्याच्या नावाने पत्र येऊ शकेल असा पत्ता. रेशनकार्ड, मतदार यादी, बँकेचं पासबुक सगळं पत्त्यापाशी येऊन थांबतं. रस्त्यावर राहणाऱ्या कुणालाही विचारा, छपराइतकीच पत्त्याची किंमत तो सांगेल.

गाव भरलं तशी फांदी फुटली. १९६७ मध्ये मूल तालुक्यात सोमनाथला जंगलालगत मोठी जमीन घेऊन कुष्ठमुक्तांची शेतकरी वसाहत सुरू झाली. हा धानाचा मुलूख. गुडघाभर चिखलात रोवणी करायची, तीही बधिर पायांनी. दर मे महिन्यात तिथे भरणाऱ्या श्रमसंस्कार छावणीत शहरातली पोरं येऊन घमेली उचलतात. १९७३ साली डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे भामरागडच्या जंगलात हेमलकशाला माडिया आदिवासींसाठी दवाखाना काढायला गेले, तेव्हा पहिल्या झोपड्या उभारायलाही आनंदवनातून गेलेल्या कुष्ठमुक्त मंडळींचे हात होते.

एक आक्षेप मात्र मनातून जात नाही. कितीही सुंदर झालं तरी ते वेगळं गाव आहे. बऱ्या झालेल्या माणसाला स्वतःच्या गावात राहता येत नाही, म्हणून त्याला दुसरं गाव लागलं. आनंदवन जेवढं फुललं तेवढी आजूबाजूच्या शेकडो गावांची सुटका झाली, असंही म्हणता येईल. बाबांना हे दिसत नव्हतं असं नाही. म्हणून तर वरोऱ्याभोवती आठवडी दवाखाने चालवून रुग्णांना गावात ठेवूनच औषध द्यायची खटपट त्यांनी सुरुवातीपासून केली. पण कायद्याच्या मनोवृत्तीला कूस बदलायला केवढा वेळ लागतो ते बघा: कुष्ठरोग झाला म्हणून जोडीदाराला घटस्फोट मागता येत असे, ते कलम वेगवेगळ्या विवाह कायद्यांतून निघालं २०१९ मध्ये. बाबा २००८ च्या फेब्रुवारीत गेले होते, साधनाताई २०११ मध्ये.

औषधाची गोष्ट पुढे फार वेगाने बदलली. एकट्या डॅप्सोनला जंतू सरावले, तेव्हा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांचं मिश्रण सुचवलं. त्यातल्या रिफाम्पिसिनच्या एकाच डोसाने शरीरातले बहुतांश जंतू मरतात आणि रुग्ण दुसऱ्याला संसर्ग देण्याच्या स्थितीत जवळपास राहत नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशात रुग्णांचं प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आलं. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र नवे रुग्ण अजूनही सापडतात. आशा स्वयंसेविका घरोघर जाऊन अंगावरचे फिकट चट्टे बघतात. संशय आला तर आरोग्य केंद्रात रुग्णाला डोळे मिटायला सांगतात आणि पेनाच्या टोकाने चट्ट्याला हलकंच शिवतात. जिथे शिवलं तिथे त्याने बोट ठेवायचं. बोट चुकलं, किंवा उठलंच नाही, की गोळ्यांचं पाकीट सुरू. चट्टे थोडे असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा. गोळ्या फुकट. नस मरायच्या आत सुरू झाल्या तर हात वाकडा होत नाही, आणि हात वाकडा झाला नाही तर शेजाऱ्याला कळतही नाही.

त्यामुळे आनंदवनात आता तरुण कुष्ठरुग्ण थोडे आणि म्हातारे कुष्ठमुक्त पुष्कळ. त्यांतले कित्येक साठ-सत्तरच्या दशकांत आले, इथेच संसार केले. पोरंबाळं शिकून बाहेर नोकरीला लागली, सुट्टीत आजी-आजोबांकडे येतात. रिकाम्या होणाऱ्या जागा अंध, अपंग, निराधार अशा दुसऱ्या बेघरांसाठी लागतात. एखाद्या संस्थेचे मूळ लाभार्थी संपत जाणं हे तिचं यश, हे ऐकायला बरं वाटतं. पण उत्तरायणात बसलेल्या म्हाताऱ्याला गावाचं नाव विचारलं, तर तो आनंदवनच सांगतो, आणि ज्या गावाने त्याला काढलं ते तीन तासांच्या एसटीवर असूनही तो तिकडे गेलेला नसतो.